स्वप्नाची पावती : 'ब्राझील' चित्रपटातील कारकून

'परात्मता' ही संकल्पना मराठी समीक्षेत दोन वाटांनी आली. एक वाट मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांची. तीत माणूस आपल्या श्रमाच्या फळाला, श्रमाच्या प्रक्रियेला, इतर माणसांना आणि अखेरीस स्वतःच्या मनुष्यपणाला पारखा होतो. दुसरी वाट अस्तित्ववादाची. तीत जग मुळातच माणसाला परके असते आणि त्या परकेपणाची जाणीव हीच त्याची खूण ठरते. या दोन्ही वाटा व्यवहारात एकमेकींत मिसळून गेल्यामुळे संज्ञेला एक सोयीस्कर ढिलेपणा आला आहे. कचेरीत खर्डेघाशी करणारा, कंटाळलेला, एकाकी असा नायक कादंबरीत वा चित्रपटात दिसला की तो 'परात्म' ठरतो आणि चर्चा तेथेच थांबते. वास्तविक तेथून ती सुरू व्हायला हवी. कारण 'परात्म' या विशेषणाबरोबर नायकाला निर्दोषत्वाचा दाखलाही नकळत दिला जातो. व्यवस्था करते, तो सोसतो. फायली व्यवस्थेच्या, स्वप्ने त्याची. अशी वाटणी गृहीत धरली जाते. कारकून हा त्या व्यवस्थेचा हातही असतो, ही गोष्ट या वाटणीत नाहीशी होते.

टेरी गिलियम दिग्दर्शित 'ब्राझील' (१९८५) हा चित्रपट या वाटणीवर उभा आहे असे सामान्यतः मानले जाते. अवाढव्य, निर्बुद्ध नोकरशाही एकीकडे आणि पंख लावून ढगांतून विहरणारा स्वप्नाळू कारकून दुसरीकडे. चित्रपटावरील बरेचसे लेखन या द्वंद्वाभोवती फिरते आणि शेवटी 'कल्पनाशक्तीचा विजय की पराजय' या प्रश्नापाशी येऊन ठेपते. चित्रपटाची संहिता बारकाईने वाचल्यास मात्र हे द्वंद्व टिकत नाही. 'ब्राझील'मधील स्वप्न कचेरीच्या विरोधात उभे नाही. ते कचेरीच्याच कामाचा एक भाग आहे. आणि या चित्रपटाची अमेरिकेत जी छाटलेली आवृत्ती तयार झाली, तिने ही गोष्ट अजाणता सिद्ध करून दाखविली आहे.

कथानकाचा आरंभ एका माशीपासून होतो. 'विसाव्या शतकात कुठेतरी' एवढाच स्थलकालाचा निर्देश पडद्यावर येतो. नाताळचे दिवस आहेत. माहिती मंत्रालयातील एक कर्मचारी छताजवळ घोंघावणारा किडा मारतो, तो किडा छापणाऱ्या यंत्रात पडतो आणि 'टटल' या आडनावाच्या जागी 'बटल' असे उमटते. हॅरी टटल हा सरकारला हवा असलेला इसम. बटल हा बायकामुलांसह घरी नाताळ साजरा करणारा साधा माणूस. रात्री बटलच्या घराच्या छताला वर्तुळाकार भोक पाडून शिपाई खाली उतरतात, त्याला पोत्यासारख्या पोशाखात कोंबतात आणि घेऊन जातात. जाण्यापूर्वी त्याच्या पत्नीची सही घेतली जाते. नवरा नेल्याची पावती तिला मिळते. मग त्या पावतीची पावती अधिकारी स्वतःजवळ ठेवतो. पुढे छताचे भोक बुजवायला आणलेले झाकण मापात बसत नाही आणि खाली कोसळते, हा प्रसंग निव्वळ विनोदासाठी घातलेला वाटतो. पण चित्रपटभर हे भोक तसेच राहते आणि कथेतील सर्व महत्त्वाच्या गाठीभेटी त्या भोकाच्या आधारानेच घडतात.

या चुकीचे वैशिष्ट्य असे की तिला कर्ता नाही. माशीने चूक केली असे म्हणता येत नाही. यंत्राने केली असेही नाही. पुढे जॅक लिंट हा चौकशी अधिकारी बटलच्या मृत्यूचा जो खुलासा करतो, तो या दृष्टीने अभ्यसनीय आहे. चुकीचा माणूस पकडला तो वाहतूक करणाऱ्या विभागाने. त्याच्याकडे तो योग्य माणूस म्हणून आला आणि त्याने सद्भावनेने योग्य माणूस म्हणूनच स्वीकारला. हृदयविकाराची नोंद बटलच्या फायलीत होती, टटलच्या नव्हती. प्रत्येक विधान तपासून पाहिले तर खरे आहे. माणूस मेला आहे आणि सर्वांची कागदपत्रे बिनचूक आहेत. 'कोणाचेच राज्य नसलेले राज्य' अशी नोकरशाहीची जी व्याख्या हॅना आरेंट यांच्या लेखनात येते, तिचे इतके नेमके दृश्यरूप क्वचितच सापडेल.

या यंत्रणेत सॅम लाउरी (जोनाथन प्राइस) नोंद विभागात काम करतो. तो कामचुकार नाही, अकुशल नाही, बंडखोर तर मुळीच नाही. उलट त्या विभागात काम समजणारा तोच एकटा आहे. त्याचा वरिष्ठ कुर्ट्झमन प्रत्येक अडचणीत सॅमला हाक मारतो आणि सॅम ती अडचण दोन मिनिटांत सोडवितो. कुर्ट्झमनने खोलीचे दार लावले की सारे कारकून आपापल्या पडद्यांवर जुना काऊबॉयपट लावतात आणि दार उघडले की पुन्हा कामाला लागल्याचे सोंग करतात. हे दृश्य प्रेक्षकाला हसविते. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते: स्वप्नरंजन ही या कचेरीत सॅमची खासगी मिरास नाही. ती सार्वत्रिक सोय आहे. बाकीच्यांना ते छोट्या पडद्यावर मिळते, सॅमला झोपेत मिळते, एवढाच फरक.

सॅमची आई आयडा त्याला बढती मिळवून देते आणि तो ती नाकारतो. त्याला लहान राहायचे आहे, न दिसण्याइतके लहान. येथे मार्क्सच्या अर्थाने परात्म झालेल्या श्रमिकाचे चित्र सॅमला लावणे अवघड होते. तो आपल्या कामाला पारखा झालेला नाही. त्याने कामाशी एक तह केला आहे. त्याचे कसब मंत्रालयाला, त्याचे मन ढगांना. या तहाची अट अशी की कसबाने काय घडते हे मनाने विचारायचे नाही. परात्मता ही येथे त्याच्यावर लादलेली स्थिती नसून त्याने निवडलेली जागा आहे, आणि ती जागा बरीच सुखाची आहे.

हा तह मोडतो तो धनादेशाच्या प्रसंगात. चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच असूनही त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. भव्य स्वप्नदृश्यांच्या आणि अखेरच्या यातनागृहाच्या चर्चेत तो झाकला जातो. या राज्यात अटक झालेल्या व्यक्तीला स्वतःच्या चौकशीचा खर्च द्यावा लागतो. टटलचा खर्च बटलच्या खात्यावर पडला, म्हणजे बटलकडून जादा वसुली झाली. तेव्हा ती रक्कम परत करणे आले. बटल मेलेला आहे, त्याला बँकेत खाते नाही, धनादेश फिरून फिरून कुर्ट्झमनच्या टेबलावर येतो. कुर्ट्झमन त्याला हात लावायला घाबरतो. त्या कागदावर सही करणे म्हणजे चूक झाल्याचे कबूल करणे. हाताला दुखापत झाल्याचा बहाणा करून तो मोकळा होतो आणि सॅम त्याच्या नावाची सही ठोकून देतो. मग सुचविलेला तोडगाही सॅमचाच: धनादेश बटलच्या विधवेला नेऊन द्यावा. सौजन्य आणि कार्यक्षमता या दोन्ही गुणांनी भरलेला हा निर्णय आहे. सॅम आपल्या छोट्या गाडीतून त्या उंच, कळकट वस्तीत जातो, दार वाजवितो आणि अत्यंत नम्रपणे परतफेडीचा धनादेश पुढे करतो. बाई त्याच्याकडे पाहत राहते. नवऱ्याच्या देहाचे काय केले, एवढेच ती विचारते.

या प्रश्नाला सॅमकडे उत्तर नाही, कारण त्याच्या विभागात तो प्रश्न नोंदविण्याची सोय नाही. त्याने पावतीवर सही मागितली आहे आणि समोरची बाई माणूस मागते आहे. संपूर्ण चित्रपटात व्यवस्थेचा खरा चेहरा दिसतो तो येथे, आणि तो चेहरा क्रूर अधिकाऱ्याचा नसून सभ्य, लाजऱ्या, मदतीला तत्पर अशा नायकाचा आहे. हा बोध सॅमला होऊ शकला असता. दिग्दर्शकाने त्याला तशी संधी दिली आहे. पण नेमक्या त्याच क्षणी छतातील भोकातून, एका आरशाच्या तुकड्यात, त्याला वरच्या मजल्यावरील जिल लेटनचा चेहरा दिसतो. ही त्याच्या स्वप्नातली स्त्री. तो उठतो आणि तिच्यामागे धावतो. विधवेचा प्रश्न मागे राहतो. प्रेमकथेचा जन्म असा एका न दिलेल्या उत्तराच्या जागी होतो, हे लक्षात घेतले की पुढची प्रेमकथा भाबडेपणाने पाहता येत नाही. नॉर्थ्रॉप फ्राय यांच्या परिभाषेत बोलायचे तर उपरोधिक प्रवृत्तीच्या कथेत नायक अचानक अद्भुतरम्य प्रवृत्तीची कथा सुरू करतो. पण ही सुरुवात उपरोधातून बाहेर पडण्यासाठी नसून जबाबदारीतून बाहेर पडण्यासाठी आहे.

त्यानंतर सॅम जे जे करतो ते शौर्याच्या आविर्भावात असले तरी त्याची पद्धत कारकुनाचीच राहते. जिलचा ठावठिकाणा तिच्या फायलीत आहे आणि फाइल माहिती-प्राप्ती विभागात आहे. म्हणून तो पूर्वी नाकारलेली बढती आता स्वीकारतो. म्हणजे प्रेमासाठी तो यातना देणाऱ्या खात्यात रुजू होतो. यात त्याला काही विसंगत वाटत नाही. नव्या कचेरीतील त्याची खोली अर्धी आहे आणि टेबल तर अक्षरशः अर्धे आहे. ते भिंतीतून आरपार गेलेले असून पलीकडच्या खोलीतील सहकारी ते आपल्याकडे ओढतो, सॅम आपल्याकडे ओढतो. दोन माणसांतला संबंध टेबलाच्या ओढाताणीपुरता उरणे, ही मार्क्सने सांगितलेली 'इतर माणसांपासूनची' परात्मता इतकी ठोसपणे दाखविणारे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. आणि तरीही प्रसंग पाहताना हसूच येते. गिलियम हे व्यंगचित्रकार होते, 'मॉन्टी पायथन' या मंडळातील कात्रणचित्रांच्या चलत्पटांचे कर्ते होते, याचा प्रत्यय अशा जागी येतो.

जिलला वाचविण्याचा सॅमचा उपायही फायलीतलाच. ती ट्रक चालविणारी, व्यवहारी स्त्री आहे. बटलच्या अटकेबद्दल तक्रार करायला ती मंत्रालयात गेली, शिक्क्यांच्या खिडक्यांवर हेलपाटे घालत राहिली आणि त्यामुळेच संशयिताच्या यादीत आली. मंत्रालयाच्या स्फोटांच्या कहाण्यांवर तिचा विश्वास नाही. प्रत्यक्ष दहशतवादी किती पाहिलेस, असे ती सॅमला विचारते, तेव्हा तो गंभीरपणे सांगतो की नोकरीचा आजचा पहिलाच दिवस आहे. चित्रपटात स्फोट अनेक होतात, दहशतवादी एकही दिसत नाही. घराघरांतून पसरलेल्या निकृष्ट नळकांड्यांमुळेच हे स्फोट होत असावेत ही शक्यता शेवटपर्यंत उघडी राहते. अशा जिलला वाचविण्यासाठी सॅम उपमंत्री हेल्पमन यांच्या दालनात जाऊन तिच्या नोंदीत ती मृत असल्याचे घालतो. कागदावर तिला मारणे हाच तिला जिवंत ठेवण्याचा मार्ग, असा त्याचा हिशेब. पुढे कोठडीत नाताळबाबाच्या वेषात भेटायला आलेले हेल्पमन त्याला सांगतात की अटकेच्या वेळी जिल मारली गेली, आणि नवलाची गोष्ट म्हणजे ती दोनदा मेल्याची नोंद आहे. १४२ मिनिटांच्या मूळ आवृत्तीतील हे वाक्य ऐकताना बटलची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथे एका अक्षराने माणूस मारला. येथे प्रेमिकाने घातलेली नोंद खरी ठरली. सॅमने जगात केलेली एकमेव सर्जनशील कृती म्हणजे एक खोटी नोंद, आणि मंत्रालयाने तीही आपल्या पद्धतीने पूर्ण केली.

जॅक लिंट हे पात्र सॅमच्या शेजारी ठेवले आहे ते याचसाठी. तो सॅमचा मित्र, तीन जुळ्या मुलींचा प्रेमळ बाप, बढतीची नीट पायरी चढलेला. रक्ताचे डाग पडलेला पांढरा डगला घालून तो आपल्या छोट्या मुलीशी खेळतो. बाहेर बसलेली टंकलेखिका कानाला यंत्र लावून चौकशीतील प्रत्येक किंकाळी निर्विकारपणे टंकित करते. मायकेल पेलिन या अत्यंत लाघवी नटाला ही भूमिका देण्यात दिग्दर्शकाची दृष्टी दिसते. जॅक हा सॅमचा विरुद्ध टोकाचा माणूस नव्हे. सॅमने पहिलीच बढती वेळेवर स्वीकारली असती तर तो कोण झाला असता याचे उत्तर म्हणजे जॅक. दोघेही काम घरी नेत नाहीत.

आता स्वप्नांकडे वळता येईल. चंदेरी चिलखत आणि पंख ल्यालेला सॅम ढगांतून उडतो, झिरझिरीत वस्त्रातील स्त्री त्याला हाक मारते, जमिनीतून प्रचंड बुरूज उगवून आकाश झाकतात आणि एक राक्षसी सामुराई त्याची वाट अडवितो. हे सारे अद्भुतकथेचे झिजलेले सामान आहे आणि ते झिजलेले आहे हे महत्त्वाचे. सॅमची कल्पनाशक्ती स्वतंत्र नाही. त्याच्या सहकाऱ्यांच्या पडद्यावरील काऊबॉयपट जितका उसना, तितकेच त्याचे स्वप्न उसने. या स्वप्नांनी चित्रपटाला 'काव्यात्म' उंची दिली असे जे म्हटले जाते, ते म्हणून घाईचे वाटते. स्वप्नांत एकच क्षण खरोखर सॅमचा स्वतःचा आहे. सामुराईला पाडल्यावर तो त्याचा मुखवटा काढतो आणि आत त्याचा स्वतःचाच चेहरा असतो. इंग्रजी उच्चारात 'सामुराई' या शब्दाची फोड 'सॅम, तू म्हणजेच मी' अशी होते, हा श्लेष अनेकांनी दाखविला आहे. पण श्लेषापेक्षा त्याचे स्थान महत्त्वाचे. स्वप्नाने सॅमला बटलच्या घरात न सांगितलेली गोष्ट येथे सांगितली: वाट अडविणारा तूच आहेस. जागेपणी तो या स्वप्नाचा अर्थ लावीत नाही. लावणे त्याच्या तहात बसत नाही.

चित्रपटाच्या अखेरीचा प्रश्न निवेदनाच्या सिद्धांताच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. सॅमला अटक होते ती बटलसारखीच, पोत्यात घालून. मंत्रालयाचा वेळ व कागद वाया घालविणे हाही त्याच्यावरील आरोपांपैकी एक. पहारेकरी त्याला सहानुभूतीने बजावतो की लवकर कबुली दे, फार ताणलेस तर तुझी पत घसरेल. मग एका अतिविशाल पोकळीत, मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर, बालमुखवटा घातलेला जॅक हत्यारे घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो. तेवढ्यात गोळी झाडली जाते, टटल आणि त्याचे सोबती दोरांवरून खाली उतरतात, सॅमला सोडवितात, मंत्रालय उडवून देतात. पुढे पाठलाग, एका दफनविधीत घुसणे, आईच्या जागी जिलचा चेहरा, आणि अखेर जिलच्या ट्रकमधून हिरव्या दरीत प्रस्थान. त्या हिरवळीवर दोन बाजूंनी दोन चेहरे डोकावतात: जॅक आणि हेल्पमन. दरी नाहीशी होते. सॅम खुर्चीतच आहे. तो आपल्या हातून निसटला, असे ते एकमेकांना सांगतात आणि निघून जातात.

या युक्तीला वाङ्मयीन पूर्वपरंपरा आहे. अँब्रोज बिअर्स यांच्या १८९० च्या प्रसिद्ध कथेत पुलावर फाशी दिला जाणारा माणूस दोर तुटून निसटल्याचे अनुभवतो आणि घरापाशी पोहोचता पोहोचता कथा त्याला पुन्हा पुलावर लोंबकळताना दाखविते. तेथे वाचक फसतो, कारण सुटकेचे वर्णन मागील वास्तवाच्याच शैलीत येते. 'ब्राझील'मध्ये तसे नाही. सुटकेच्या दृश्यांत अनेक सूचना पेरल्या आहेत: अशक्य योगायोग, बदलते चेहरे, आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे टटलचा अंत. वाऱ्याने उडालेले कागद एकेक करून टटलच्या अंगाला चिकटतात, तो कागदांखाली पूर्ण झाकला जातो, सॅम कागद बाजूला करतो तेव्हा आत कोणीच नसते. मंत्रालयाच्या कागदपत्रांना कंटाळून सेंट्रल सर्व्हिसेसची नोकरी सोडलेला, अर्ज क्रमांक २७-बी/६ च्या भानगडीत न पडता घरोघर दुरुस्त्या करणारा हा मोकळा कारागीर शेवटी कागद होऊन नाहीसा होतो. सॅमची कल्पनाशक्ती आपल्या मुक्तिदात्यालाही कागदाबाहेर कल्पू शकत नाही. इतके झाल्यावर प्रेक्षकाला संशय यायला हवा. तो येत नाही. निदान पहिल्यांदा पाहताना येत नाही.

त्झ्वेतान तोदोरॉव यांनी १९७० च्या ग्रंथात अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवर आधारली आहे: घडते ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे न ठरविता येणे. 'ब्राझील'मध्ये दोलायमानता दिसण्याच्या आधीच प्रेक्षक निर्णय देऊन बसलेला असतो. सुटका व्हावी अशी त्याची इच्छा असते, म्हणून तो पुरावा पाहत नाही. पासोलिनी यांनी १९६५ मध्ये चित्रपटातील 'मुक्त अप्रत्यक्ष' दृष्टिकोनाची जी मांडणी केली, तीनुसार कॅमेरा पात्राच्या मनात शिरून त्याच्या भाषेत जग पाहू लागतो. येथे कॅमेऱ्याबरोबर प्रेक्षकही सॅमच्या खुर्चीत जाऊन बसतो. दोन चेहरे डोकावतात तेव्हा धक्का बसतो तो सॅमला नव्हे. सॅम निघून गेला आहे. धक्का बसतो तो प्रेक्षकाला, आणि त्यात थोडी शरमही असते.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाच्या वितरणाची हकिकत वाङ्मयबाह्य राहत नाही. युरोपात फॉक्सने १९८५ च्या आरंभी १४२ मिनिटांची आवृत्ती प्रदर्शित केली. अमेरिकेतील हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते आणि तिचे प्रमुख सिडनी शाइनबर्ग यांना शेवट अमान्य होता. गिलियम यांनी 'व्हरायटी' या व्यवसायपत्रात पूर्ण पानाची जाहिरात देऊन आपला चित्रपट केव्हा प्रदर्शित करणार, असा जाहीर प्रश्न विचारला. लॉस एंजेलिसच्या चित्रपट-समीक्षकांच्या संघाने अमेरिकेत प्रदर्शित न झालेल्या या चित्रपटाला १९८५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले आणि त्यानंतर १३२ मिनिटांची आवृत्ती चित्रपटगृहांत आली. कंपनीने तयार करविलेली ९४ मिनिटांची आवृत्ती दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. तिचे नाव 'प्रेम सर्वांवर मात करते' या अर्थाच्या शब्दांनी रूढ झाले. तीत खुर्ची परत येत नाही. सॅम आणि जिल सुटतात आणि कथा संपते.

ही आवृत्ती म्हणजे कलेचा खून, असे समीक्षकांचे मत पडले आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या मतामुळे एक विलक्षण गोष्ट नजरेआड झाली. ९४ मिनिटांची आवृत्ती मूळ संहितेबाहेरची नाही; ती मूळ संहितेच्या आतच आहे. सॅम खुर्चीत बसून जो चित्रपट पाहतो, तोच कंपनीने वेगळा काढून विकला. शेवटची काही क्षणांची चौकट काढून टाकली की यातनागृहात बसलेल्या माणसाचा भ्रम ही सुखान्त कथा होते. व्यापारी संकलकाने आणि सॅमच्या मेंदूने, एकमेकांची ओळख नसता, तीच कात्री तशीच चालविली. चौकट काढली की स्वप्न 'वास्तव' होते असे नाही; चौकट काढली की ते विकण्याजोगे होते. नोंद विभागातील कारकुनांच्या पडद्यांवरील काऊबॉयपट कोठून येत असेल, याचे उत्तर चित्रपटाबाहेर असे मिळते.

दिग्दर्शक विरुद्ध कंपनी हा संघर्ष ज्या रीतीने सांगितला जातो त्याकडेही थोडे सावधपणे पाहायला हवे. एकटा कलावंत, अवाढव्य यंत्रणा, अखेर विजय. १९८७ मध्ये जॅक मॅथ्यूज यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिले त्याच्या शीर्षकातही लढाई आहे. हकिकत खरी आहे आणि गिलियम यांचे धैर्यही खरे आहे. पण त्या हकिकतीचा घाट हा सॅमच्या स्वप्नाचा घाट आहे: पंख, सामुराई, मुक्ती. ज्या चित्रपटाने असल्या घाटावरचा विश्वास उडविला, त्याच्या कीर्तीला तोच घाट मिळावा, हा योग चित्रपटाच्या वृत्तीला शोभणारा असला तरी समीक्षेला शोभणारा नाही.

चित्रपट निर्दोष नाही. आयडाच्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रियांचा आणि तिच्या मैत्रिणीच्या विद्रूप होत जाण्याचा उपहास स्त्रीच्या वार्धक्यावर जितका आहे तितका समृद्ध वर्गाच्या दंभावर नाही. जिलच्या बाबतीत तर संहितेने हात आखडता घेतला आहे. बटलच्या अटकेबद्दल खिडक्यांसमोर उभी राहून प्रश्न विचारणारी ही एकमेव व्यक्ती. सॅमचे स्वप्न तिला झिरझिरीत वस्त्रात गुंडाळते हे समजण्यासारखे. पण चित्रपटानेही हळूहळू तेच करावे, तिचा ट्रक आणि तिची तक्रार बाजूला सारून तिला नायकाच्या मिठीपुरते उरवावे, ही मात्र सॅमची चूक म्हणून खपविता येत नाही. टॉम स्टॉपर्ड, चार्ल्स मॅककिओन आणि गिलियम या तिघांच्या पटकथेत चतुर संवादांची रेलचेल आहे, आणि त्या चतुराईत बटलच्या विधवेचा प्रश्न पुन्हा कोणी विचारीत नाही. ऑर्वेलच्या कादंबरीशी या चित्रपटाची तुलना नेहमी होते. एका टप्प्यावर '१९८४½' असे नावही योजले होते. ऑर्वेलच्या राज्यात सत्तेला नायकाचे मन हवे असते, ते वळविल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. 'ब्राझील'च्या राज्यात सॅमचे मन कोणालाच नको आहे. त्याने ढगांत राहिले तरी चालते; किंबहुना नोंद विभागाचे काम त्यामुळेच सुरळीत चालते.

म्हणून शेवटच्या दृश्यात 'निसटला' या शब्दावर जो आशावाद बांधला जातो तो तपासून घ्यावा लागतो. गिलियम यांनी स्वतः हा शेवट एका अर्थी सुखाचा मानला आहे, आणि सॅमच्या चेहऱ्यावर मंद हसू आहे हेही खरे. तो गुणगुणत असलेली धून आरी बार्रोसो यांनी १९३९ मध्ये रचलेल्या गाण्याची. त्या गाण्यातला देश चित्रपटात कधीच दिसत नाही, नाव मात्र शीर्षकापासून आहे. जॅक हत्यारे आवरतो, हेल्पमन यांची चाकांची खुर्ची वळते, दोघे त्या पोकळीतून बाहेर जातात. सॅमने त्यांना कोणतेही उत्तर दिले नाही. बटलच्या घरीही त्याने दिले नव्हते.